सेल्फ-चेकआउट कियॉस्क: यंत्राआधी मालाची यादी

ग्राहक स्वतःच वस्तू स्कॅन करून पैसे भरतो, ते यंत्र म्हणजे सेल्फ-चेकआउट कियॉस्क. त्याची ऑर्डर देण्याआधी दुकानातल्या मालाची यादी उघडा. यंत्र अडून लाल दिवा लागतो, ग्राहक ताटकळतो, तेव्हा चूक बहुतेकदा या यादीत सापडते.

१. वजनं स्वतः घ्या. वस्तू स्कॅन करून पिशवीत ठेवली की पिशवीखालचा काटा तिचं वजन यादीशी ताडून पाहतो. पाकिटावर ५०० ग्रॅम छापलेलं असतं ते निव्वळ वजन. वेष्टणासकट ते ५१५ भरू शकतं. यादीत ५०० टाकलं असेल तर दर पाकिटाला यंत्र अडणार. मग वैतागून कुणीतरी काट्याची सूट, म्हणजे वजनात चालवून घ्यायचा फरक, वाढवतो. हे मात्र करू नका. सूट वाढली की स्वस्त मालाचा बारकोड लावलेली महाग वस्तूही बिनबोभाट निघून जाते. वेष्टण बदललं की वजन पुन्हा घ्या. शुभेच्छापत्रासारख्या हलक्या वस्तू काट्याला जाणवतच नाहीत. त्यांना वजनतपासणीतून वगळा.

२. सुटा माल विभागातच तोलून स्टिकर लावा. २ ने सुरू होणारे १३ अंकी बारकोड दुकानाच्या अंतर्गत वापरासाठी असतात, त्यातच वजन किंवा किंमत बसवलेली असते. कोणते अंक कशाचे, हे विभागातल्या काट्यात आणि कियॉस्कमध्ये एकसारखं ठरवा. नाहीतर २५० ग्रॅमचे २५० पैसे होतात!

३. सुरुवातीला चार कियॉस्क आणि एक मदतनीस पुरे. सगळे पडदे त्याला एका जागेवरून दिसायला हवेत. भरलेल्या ट्रॉलीसाठी नेहमीचा काउंटर चालू ठेवा.

४. दुकान उघडण्याआधी रंगीत तालीम घ्या. घरून आणलेली पिशवी, चुकून दोनदा स्कॅन झालेली वस्तू, अर्ध्यात रद्द केलेलं बिल, संपलेला कागदाचा रोल. आणि पैसे भरतानाच नेटवर्क तोडून पाहा: पैसे कापले पण पावती नाही, अशा वेळी मदतनिसाने व्यवहार कुठे शोधायचा हे आधीच माहीत हवं.

५. मदतनिसाला न बघता 'मंजूर' दाबायची सवय फार लवकर लागते. म्हणून दर वेळी यंत्र का अडलं आणि कोणत्या वस्तूवर, हे वहीत टिपायला सांगा. आठवड्याने ती वही वस्तूनुसार लावा आणि सर्वांत जास्त वेळा अडलेल्या दहा वस्तूंची वजनं पुन्हा काट्यावर घ्या.