जुनी पुस्तकं घेताय? किंमत शेवटी बघा

गेल्या जूनमध्ये भाची इंजिनिअरिंगची जुनी पुस्तकं घ्यायला पुण्यात अप्पा बळवंत चौकात निघाली, तेव्हा मीही तिच्याबरोबर गेले. सव्वीस वर्षं कॉलेजच्या लायब्ररीत काउंटरवर काढलीत मी. पुस्तक हातात आलं की आधी शीर्षकाच्या पानाची मागची बाजू बघते. भाचीनं आधी किंमत बघितली.

त्या मागच्या बाजूला आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांची सालं वेगवेगळी दिलेली असतात. 'तिसरी आवृत्ती २०१२, पुनर्मुद्रण २०२३' असेल, तर मजकूर २०१२ चाच. २०२३ मध्ये तो फक्त पुन्हा छापलाय. विकणारा बोट ठेवतो ते २०२३ वर!

मजकूर जुना असला म्हणजे पुस्तक टाकाऊ, असंही नाही. कॅल्क्युलसचं पंधरा वर्षांपूर्वीचं पुस्तक बिनधास्त घ्या. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, ती संशोधकांना आजही लागते. कायद्याचं मात्र तसं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ चं १०३ झालं. त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनी संहिता लागते, म्हणून वकील ती ठेवतील. पहिल्या वर्षाच्या मुलानं निव्वळ तेवढ्यावर अभ्यास करू नये. शाळेच्या पुस्तकांसाठी तर घासाघीस करूच नका. बालभारतीनं दहावीची पुस्तकं २०१८ मध्ये बदलली, बारावीची २०२० मध्ये; आणि त्यांची पीडीएफ ई-बालभारतीवर फुकट मिळते.

सरांनी 'अमुक लेखकाचं घ्या' एवढंच सांगितलं असेल, तर त्यांच्या प्रतीवरचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, मोबाइलमध्ये टिपून घ्या. नवी आवृत्ती निघाली की हा आकडा बदलतो, नुसत्या पुनर्मुद्रणात सहसा तोच राहतो. २००७ पासून तो तेरा आकडी झाला, त्याआधी दहा आकडी होता. पण आकडा जुळला म्हणून पुस्तक अस्सल, असं समजू नका. चोरून छापणारा तोही छापतोच. त्याची चोरी आकृत्यांत कळते. फोटोंचा काळा चिखल झालेला असतो आणि सूत्रांतले बारीक घातांक बुजलेले असतात.

आता फर्मे. मोठा कागद छापून, घड्या घालून बहुधा सोळा पानांचा एक फर्मा होतो आणि असे फर्मे एकावर एक रचून पुस्तक बांधतात. रचताना चूक झाली की घोटाळा. आमच्याकडे सांख्यिकीची एक प्रत होती. पान २८८ संपलं की पुन्हा २७३ सुरू, आणि दुसऱ्यांदा २८८ आलं की थेट ३०५. एक फर्मा दोनदा, पुढचा गायब. जाडी अगदी बरोबर, त्यामुळे नोंद करताना मलाही कळलं नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी एक मुलगी रडवेली होऊन काउंटरशी आली, तेव्हा कळलं. म्हणून दुकानातच पानांचे आकडे भरभर चाळा. दोन मिनिटं लागतात. विकणारा वैतागेल, वैतागू दे.

मग पुस्तक मधोमध उघडून कण्याकडे बघा. दोरा दिसला तर जुजबंदी आहे, वर्षानुवर्षं टिकेल. नुसत्या गोंदाची बांधणी असेल आणि उघडताना कर्रकन आवाज आला, तर पावसाळ्यापर्यंत पानं हातात येतील. कण्याशी बारीक भुकटी आणि पानांत नागमोडी भोकं म्हणजे पुस्तकाला कीड लागलीय. तसलं पुस्तक फुकट मिळालं तरी घरच्या कपाटात नको.

सगळ्यात शेवटी, शेवटची पानं. कोष्टकं, परिशिष्टं, उत्तरं याच पानांवर ब्लेड चालतं. भाचीनं उष्मागतिकीचं पुस्तक जवळजवळ पसंत केलं होतं. बांधणी उत्तम, पेन्सिलीच्या खुणासुद्धा कुणा हुशार मुलाच्या. मागे बघितलं तर वाफेची कोष्टकं मुळापासून कापलेली.

"तीस रुपये कमी करतो," विकणारा म्हणाला.

भाचीनं माझ्याकडे बघितलं, पुस्तक गठ्ठ्यावर ठेवलं आणि खालची प्रत उपसली. ती तिनं मागून उघडली.