बर्फातली जास्वंद

आपली लाल जास्वंद न्यू जर्सीच्या थंडीत तग धरत नाही, कुंडी घरात घ्यावी लागते. म्हणून अंगणात ‘रोझ ऑफ शॅरन’ लावली. हीसुद्धा जास्वंदच, दक्षिण कोरियाचं राष्ट्रीय फूल. उणे २० सेल्सिअसही सोसते. झुडूप उंच गेलं, पण ऑगस्टमध्ये फुलं बारकी, तीही शेंड्यालाच. हिची कळी त्याच वर्षीच्या नव्या फुटव्यावर धरते. म्हणून मार्चमध्ये, पालवीआधी, गेल्या वर्षीच्या फांद्या दोन-तीन डोळे ठेवून छाटल्या. मे उजाडला तरी नुसत्या काटक्या! शेजारीण म्हणाली, गेलं तुमचं झाड. नखाने साल खरवडली, आत हिरवीगार. ही जागी होतेच उशिरा. यंदा जांभळी फुलं चांगली तळहाताएवढी, गाभा गडद लाल. गणपतीला वाहिली, बाप्पाला चालतात. बोंडं मात्र वेळेत खुडा, नाहीतर वाफाभर रोपं उपटत बसाल.