सरकारी खात्याची पुनर्रचना होताना चालू थेरपी कशी टिकवावी

दोन खाती एकत्र केली जातात किंवा एखाद्या संस्थेचे काम दुसरीकडे वर्ग होते, तेव्हा लाभार्थ्यांच्या सेवांवर परिणाम होणार नाही असे आश्वासन बहुधा दिले जाते. प्रत्यक्षात थेरपी बंद करण्याचा आदेश सहसा कोणी काढत नाही. मंजुरीची मुदत संपते, ती वाढवून देणाऱ्याचे पद रिकामे असते, थेरपिस्टच्या संस्थेचे कंत्राट जुन्या कार्यालयाच्या नावावर राहते आणि आठवड्याचे सत्र आपोआप थांबते. अपंग मुले, मानसिक आजार असलेल्या व्यक्ती, अत्याचारातून बाहेर पडलेले लोक आणि एकटे वृद्ध यांना याचा फटका आधी बसतो, कारण खासगी उपचाराचा पर्याय त्यांच्याकडे क्वचितच असतो.

असे बदल एकदाच होऊन थांबतात असेही नाही. इंग्लंडमध्ये आरोग्यसेवा खरेदी करणारी जुनी स्थानिक मंडळे 2013 च्या एप्रिलमध्ये बरखास्त होऊन 211 नवे गट आले आणि जुलै 2022 मध्ये त्यांच्याही जागी 42 मंडळे आली. अमेरिकेच्या आरोग्य विभागाने मार्च 2025 मध्ये आपले 28 उपविभाग 15 वर आणण्याची योजना जाहीर केली, तिच्यात मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीचे काम पाहणारी संस्था नव्या प्रशासनात विलीन करण्याचा प्रस्ताव होता.

पुनर्रचनेची बातमी कळताच मंजुरीपत्राची प्रत हाती घ्यावी आणि त्यावरील शेवटची तारीख पाहावी. ती तारीख बदलाच्या काळात येत असेल तर मुदतवाढीचा अर्ज शक्य तितका आधी, जुने कार्यालय चालू असतानाच द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. अर्जात मोघम विनंती नको. ‘दर आठवड्याला एक सत्र मंजूर असून मंजुरी अमुक तारखेला संपते, त्यानंतर निर्णय कोणते कार्यालय घेईल आणि तोवर सत्रे चालू राहतील का, हे लेखी कळवावे’ एवढे पुरते. थेरपी अजून सुरूच झाली नसेल, तर प्रतीक्षा यादीत नाव नोंदल्याची तारीख लेखी मिळवावी. यादी नव्या संगणकप्रणालीत जाताना मूळ तारीख गळाली, तर ती सिद्ध करायला दुसरे काही हाताशी नसते.

थेरपिस्टला एकच प्रश्न नेमका विचारावा: तुमच्या संस्थेचे कंत्राट नव्या कार्यालयाकडे वर्ग झाले आहे का? उत्तर नकारार्थी किंवा संदिग्ध असेल, तर मूल्यमापन अहवाल, उद्दिष्टे, आतापर्यंतची प्रगती आणि उपयोगी न पडलेल्या पद्धती यांचा सारांश मागून ठेवावा. हा सारांश मला सर्वांत मोलाचा वाटतो. आघातातून सावरणाऱ्या व्यक्तीला नव्या माणसापुढे सगळी हकिगत पुन्हा सांगावी लागणे हाच एक त्रास असतो आणि दोन पानी टिपणाने तो बराच टळू शकतो. मात्र त्यात काय जावे आणि ते कोणाला दाखवावे, हे त्या व्यक्तीच्या संमतीनेच ठरावे.

थेरपिस्ट बदलणे अटळ झाले तर निरोपाची सत्रे मागावीत, आणि जमल्यास एक सत्र जुन्या व नव्या थेरपिस्टने मिळून घ्यावे. स्वमग्न मुलाला नवी खोली आणि नवा चेहरा आधी छायाचित्रात दाखवता येतो. मोठ्यांनाही ‘तुमच्यामुळे हे झालेले नाही’ असे स्पष्ट सांगावे लागते. आपणच बोलणे सोडून दिले म्हणून थेरपी थांबली, अशी समजूत करून घेणारे कमी नसतात. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत कागदपत्रांची वाट पाहू नये. खंड पडण्याआधीच डॉक्टरांना कळवावे आणि तातडीच्या मदतीचा क्रमांक अजून चालू आहे का, हे स्वतः फोन करून पाहावे.

एवढे करूनही सत्रे थांबलीच, तर ‘सध्या काम वर्ग होत आहे’ या तोंडी उत्तरावर परत येऊ नये. कारणासहित लेखी निर्णय मागावा, कारण अपील लेखी निर्णयाविरुद्ध करता येते आणि त्याची मुदत बहुतेक ठिकाणी थोड्या दिवसांचीच असते. अपिलाचा निकाल लागेपर्यंत जुनी सेवा चालू ठेवण्याची तरतूद काही व्यवस्थांमध्ये आहे, पण ती अनेकदा मागणाऱ्यालाच मिळते. म्हणून ती मागणी अपिलाच्या अर्जातच वेगळ्या परिच्छेदात लिहावी.