ऊर्जाटंचाईत नगरपालिका कुठे चुकतात? या चुका टाळा

टंचाई जाहीर झाली की पहिला आदेश निघतो तो कारंजी, रोषणाई आणि पथदिवे बंद करण्याचा. त्यात वाईट काही नाही, लोकांना परिस्थितीची जाणीव होते. पण बऱ्याच ठिकाणी काम तिथेच थांबतं. २०२२ मध्ये रशियाकडून येणारा गॅस कमी झाला तेव्हा जर्मनीतल्या हॅनोव्हर शहराने सार्वजनिक इमारतींतल्या नळांचं आणि शॉवरचं गरम पाणी बंद केलं, खोल्या किती तापवायच्या यावरही मर्यादा घातली. गॅस नेमका तिथेच जळत होता.

टंचाई कशाची आहे, हे न पाहता उपाय ठरवणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. विजेची टंचाई दोन प्रकारची असते. ब्राझीलमध्ये २००१ साली दुष्काळाने जलविद्युत धरणं आटली. तिथे दिवसाची वाचवा की रात्रीची, प्रत्येक युनिट मोलाचं होतं. म्हणून सरकारने बहुतेक घरांना आधीच्या वर्षीच्या वापरापेक्षा २० टक्के कमी वीज वापरण्याचा कोटा ठरवून दिला. कोटा ओलांडला तर जादा आकार, भरपूर वाचवली तर बोनस.

जपानमध्ये २०११ च्या भूकंपानंतर तोक्योच्या परिसरात अडचण वेगळी होती. वीजकेंद्रं बंद पडल्याने उन्हाळ्यातल्या दुपारची कमाल मागणी भागणार नव्हती. त्यामुळे उद्दिष्ट ठरलं ते कमाल मागणीत १५ टक्के कपातीचं. वाहन कारखान्यांनी गुरुवार-शुक्रवार सुट्टी घेऊन शनिवार-रविवार काम केलं. अशा परिस्थितीत मध्यरात्रीनंतर पथदिवे बंद करून काहीच साधत नाही, उलट रस्ते असुरक्षित होतात. दिवे कमी करायचेच असतील तर एकाआड एक खांब विझवू नका, कारण त्याने अंधाराचे पट्टे तयार होतात. एलईडी दिव्यांचा उजेड सगळीकडे सारखा मंद करता येतो.

तेव्हा वीज कंपनीला पहिला प्रश्न विचारा: तूट कोणत्या तासांत आहे?

स्वतःचं वीजबिल न वाचणं

बिल लेखा विभागाकडे येतं, भरलं जातं, फाइलला लागतं. पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला ते दिसतच नाही. जिथे पाणी पंपाने चढवावं लागतं तिथे नगरपालिकेच्या विजेचा मोठा वाटा पंपिंग स्टेशन खातं, आणि बचतीची चर्चा मात्र कार्यालयातल्या पंख्यांवर होते.

पंपिंग स्टेशनवर जाऊन दोन गोष्टी बघाच. पहिली, पंपाच्या पुढचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद ठेवलेला आहे का. असेल तर पंप पूर्ण जोराने पाणी ढकलतोय आणि आपणच त्याला अडवतोय. मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह बसवला तर हे टळतं. वेग २० टक्के कमी केला की लागणारी वीज जवळपास निम्म्यावर येते. पाणी उंच टाकीत चढवायचं असेल तर बचत एवढी होत नाही, तेव्हा आधी मोजून घ्या.

दुसरी गोष्ट गळती. रात्री दोन ते चारच्या दरम्यान पाण्याचा वापर सर्वांत कमी असतो. पाणीपुरवठा चोवीस तास असेल तर त्या वेळी एखाद्या भागाच्या मुख्य जलवाहिनीवरचा मीटर बघा. लोक झोपलेले असताना तो जोरात फिरत असेल तर बहुतांश पाणी जमिनीत जातंय, आणि त्यासोबत ते उपसायला लागलेली वीजही. गळती काढणं हे वीज वाचवण्याचं काम आहे. ते वर्षानुवर्षं पाणी खात्याच्या प्रलंबित यादीत पडून राहतं, हे पाहून खरंच वाईट वाटतं.

‘वीज जपून वापरा’ एवढंच सांगणं

अलास्कातल्या जुनो शहराची वीजवाहिनी एप्रिल २००८ मध्ये हिमस्खलनाने तुटली. शहर डिझेल जनित्रांवर आलं आणि दर सुमारे पाचपट होणार हे लोकांना लगेच सांगण्यात आलं. काही आठवड्यांतच वापर सुमारे ३० टक्क्यांनी उतरला. माणसं बदलतात, पण त्यांना किती, कशात आणि कधीपर्यंत हे स्पष्ट कळायला हवं. ज्या घरांत वीज आधीच जेमतेम वापरली जाते, किंवा कुणी रुग्ण यंत्रावर आहे, त्यांची यादी मात्र आवाहनाआधी तयार असू द्या.

टंचाई संपली की फाइल बंद करणं

तात्पुरती आणलेली डिझेल जनित्रं कायमची होतात, ड्राइव्हची निविदा मागे पडते. शाश्वत विकासाचा आराखडा नंतर दुसराच विभाग पहिल्यापासून बनवतो. स्वीडनमधल्या वेक्ख्योने उलटं केलं. १९७० च्या दशकात खनिज तेल अचानक महागलं, त्यानंतर १९८० मध्ये तिथल्या जिल्हा-तापन केंद्रात, म्हणजे एकाच ठिकाणी पाणी तापवून ते नळांवाटे अनेक इमारतींना पुरवणाऱ्या केंद्रात, लाकडाचा भुगा-भुसा जाळायला सुरुवात झाली, आणि त्या अनुभवावर १९९६ मध्ये शहराने जीवाश्म इंधनमुक्त होण्याचा ठराव केला.

ऑस्ट्रियातल्या ग्यूसिंगकडून दोन धडे घ्यावेत. या छोट्या गावाने आधी सार्वजनिक इमारतींमधला वापर कमी केला आणि मग जैवइंधनाकडे वळलं, हा क्रम अगदी बरोबर होता. पण लाकडासारख्या जैवभारावर चालणारं तिथलं नावाजलेलं वीजकेंद्र हमीदराच्या, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी बांधून दिलेल्या चढ्या वीजदराच्या, आधारावर उभं होतं. ते २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेलं आणि पुढे बंद पडलं. सवलतीची मुदत संपल्यावर प्रकल्प स्वतःच्या पायावर उभा राहील का, हे ठरावाच्या आधी तपासा.

पैसे नाहीत म्हणून थांबणं

स्टुटगार्टमध्ये १९९५ पासून नगरपालिकेचाच ऊर्जा विभाग इतर विभागांना ऊर्जाबचतीच्या कामांसाठी पैसे देतो. शाळेने नवे दिवे किंवा बॉयलर बसवला की कमी झालेल्या बिलातली रक्कम त्या निधीत परत जाते, फेड पूर्ण झाली की पुढची बचत शाळेची. सुरुवात दोन-तीन पंपांनी झाली तरी चालेल. फक्त वाचलेली रक्कम सर्वसाधारण खात्यात मिसळू देऊ नका, त्यासाठी पहिल्याच दिवशी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडून घ्या.