अल्कोहोल मार्कर : निवड आणि वापर

अल्कोहोल मार्कर घ्यायचे ठरवलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ‘किती रंगांचा सेट घेऊ?’ असा असतो, आणि दुकानदारही साहजिकच ८० किंवा १२० मार्करांची पेटी काउंटरवर काढून ठेवतो. माझ्या मते सुरुवात या प्रश्नापासून करूच नये. एकाच रंगाच्या फिकट, मध्यम आणि गडद अशा तीन छटा हाताशी आहेत का, आणि समोरचा कागद त्या शाईला पेलणारा आहे का, या दोन गोष्टींवर या माध्यमातले चित्र ठरते. भल्या मोठ्या पेटीतले निम्मे रंग वर्षभर टोपण न उघडता पडून राहतात, आणि नेमकी मधली छटा हवी असते तेव्हा ती पेटीत नसते, असा अनुभव अनेकांना येतो.

हे मार्कर शाळेतल्या स्केचपेनांपेक्षा वेगळे का वागतात, हे आधी समजून घेतले पाहिजे. स्केचपेनची शाई पाण्यातली असते. तिने एका जागी दोन-तीनदा फिरवले की कागद भिजून त्याचे पापुद्रे निघतात आणि प्रत्येक रेघ वेगळी दिसत राहते. अल्कोहोल मार्करमध्ये रंगद्रव्य अल्कोहोलात पूर्ण विरघळलेले असते. ते कागदाच्या तंतूंमध्ये शिरते, अल्कोहोल उडून जाते आणि रंग मागे उरतो. त्यावर पुन्हा ओला मार्कर फिरवला की खालचा रंग थोडा विरघळतो आणि दोन्ही थर एकमेकांत मिसळतात, त्यामुळे रेघा मोडून सलग पृष्ठभाग तयार होतो. मात्र शाई पारदर्शक असल्याने फिकट रंग गडद रंगाला झाकू शकत नाही. म्हणून काम नेहमी फिक्याकडून गडदाकडे जाते आणि पांढरी जागा सुरुवातीपासूनच सोडावी लागते. जलरंगात हात बसलेल्यांना हे अंगवळणी असते. ग्रेड परीक्षेसाठी पोस्टर कलरने संकल्पचित्रे रंगवून ज्यांचा हात तयार झाला आहे, त्यांना शेवटी पांढऱ्याने उजेड भरण्याची सवय मात्र सोडावी लागते.

टोपणांवरच्या अंकाक्षरांकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, पण खरेदीला त्यांचाच सर्वांत मोठा आधार असतो. जपानच्या ‘कॉपिक’ या १९८७ मध्ये बाजारात आलेल्या मार्करांची पद्धत उदाहरणादाखल पाहू. त्यांच्या ‘स्केच’ या प्रकारात ३५८ रंग आहेत. प्रत्येक क्रमांकातले अक्षर रंगाचे घराणे सांगते : ‘बी’ म्हणजे निळा, ‘जी’ म्हणजे हिरवा, ‘ई’ म्हणजे मातकट तपकिरी. पहिला अंक रंग किती करडा होत गेला आहे ते सांगतो आणि शेवटचा अंक तो किती गडद आहे ते सांगतो. त्यामुळे ‘ई-३३’, ‘ई-३५’ आणि ‘ई-३७’ हे तीन मार्कर शेजारी ठेवले की फिकट, मध्यम, गडद अशी एक साखळी आपोआप तयार होते. करड्या रंगांची घराणी निराळी आहेत : ‘डब्ल्यू’ म्हणजे उबदार करडा, ‘सी’ म्हणजे निळसर थंड करडा, ‘एन’ म्हणजे मधला. इतर कंपन्यांचे क्रमांक असेच चालतील असे समजू नये. काहींच्या क्रमांकांवरून छटेचा अंदाज येतो, काहींच्या मुळीच येत नाही.

कॉपिकचा एकेक मार्कर काही शे रुपयांना पडतो. त्याची शाई पुन्हा भरता येते आणि निब बदलता येते, हे त्या किमतीचे समर्थन आहे. पण शिकणाऱ्याने त्यानेच सुरुवात केली पाहिजे असे नाही. ‘ओहुहू’ किंवा आपल्याकडे सहज मिळणारे ‘ब्रस्ट्रो’ यांचे मार्कर सरावाला पुरेसे आहेत. सुटे मार्कर मिळत असतील तर पंधराच्या आत यादी संपवावी : उबदार करड्याच्या तीन छटा, तपकिरीच्या तीन, हिरव्याच्या तीन, निळ्याच्या दोन, एक पिवळा, एक लाल आणि एक रंगहीन ब्लेंडर (रंग नसलेला, नुसत्या द्रावाचा मार्कर). काळा मार्कर घेण्याची घाई करू नये, कारण सावलीत काळा वापरला की चित्र मळकट दिसते. सेटच घ्यावा लागला तर छोटा घ्यावा आणि त्यात करडे किती आहेत ते आधी पाहावे. ‘स्किन टोन’ नावाच्या तयार सेटांविषयी एक सावधगिरी हवी : त्यातले बरेचसे रंग गुलाबीकडे झुकलेले असतात, आणि आपल्याकडच्या उन्हातल्या सावळ्या, गव्हाळ चेहऱ्यांना ते शोभत नाहीत. तपकिरी घराण्यातल्या पिवळसर छटा आणि गालाला किंचित तांबूस स्पर्श, एवढ्यावर चेहरा अधिक खरा उतरतो.

निबच्या बाबतीत कंजुषी करू नये. बहुतेक मार्कर दुतोंडी असतात. एका टोकाला तिरपी चपटी चिझल निब आणि दुसऱ्या टोकाला बारीक टणक निब किंवा लवचिक ब्रश निब. ब्रश निब दाबानुसार बारीक-जाड होते आणि रंग मिसळताना तिच्यासारखी सोय नाही, म्हणून एक चिझल आणि एक ब्रश अशी जोडी असलेलाच मार्कर घ्यावा. दुकानात शक्य असेल तर टोपण उघडून कागदावर नखाएवढा पट्टा ओढून पाहावा. पट्टा कोरडा किंवा फाटका उमटला, किंवा टोपण बसताना ‘टक्’ असा आवाज आला नाही, तर तो मार्कर परत ठेवावा, कारण सैल टोपणातून अल्कोहोल उडून जाते.

आता कागद. आपली नेहमीची ड्रॉइंग शीट खरबरीत आणि शोषक असते. ती शाई पिऊन टाकते, रंग रेषेबाहेर पसरतो आणि दोन मार्करांचा खर्च एका चित्रावर होतो. खास मार्कर पॅडचा कागद साधारण ७० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) पातळ असला तरी त्याच्या पाठीवर शाई न उतरण्याची व्यवस्था असते. तो मिळाला नाही तर गुळगुळीत ब्रिस्टल कागद, आणि तोही नसेल तर स्टेशनरीच्या दुकानातली २०० जीएसएमच्या वरची आयव्हरी शीट उत्तम काम देते. हिच्यातून शाई मागे उतरते, म्हणून खाली एक जादा कागद घालावा.

आयव्हरी शीटचा आणखी एक फायदा आहे. आपले रेखाचित्र एकदा नीट काढून झेरॉक्सवाल्याकडून त्याच्या चार-पाच प्रती आयव्हरी शीटवर काढून घेता येतात आणि एकच चित्र वेगवेगळ्या छटांत रंगवून पाहता येते. जुन्या काळच्या, झायलीन हा तीव्र द्रावक असलेल्या मार्करांनी झेरॉक्सची काळी भुकटी विरघळून रेषा फिसकटत असत. कॉपिक तयार करताना हीच अडचण दूर करण्याचा हेतू होता, आणि ‘कॉपी’ या शब्दावरूनच त्याचे नाव पडले आहे. इतर मार्करांनी कोपऱ्यात एकदा तपासून मगच पुढे जावे. इंकजेट प्रिंटरची प्रत मात्र या कामाला घेऊ नये, कारण तिची शाई पसरण्याचा संभव असतो.

हाताने रेषा काढायच्या असतील तर पेन्सिल अगदी हलकी ठेवावी आणि रंगापूर्वी खोडरबराने पुसून घ्यावी. मार्करखाली अडकलेले शिसे निबला लागते आणि फिकट रंग मळतात. शाईच्या रेषांसाठी पिग्मेंट शाईचे, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचे, फाइनलायनर (बारीक टोकाचे पेन) घ्यावे. पेनवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिले आहे म्हणून ते अल्कोहोललाही दाद देणार नाही, असे नसते. रेष पूर्ण वाळू द्यावी, किंवा शंका असेल तर आधी रंगवून शेवटी रेषा काढाव्यात.

रंगकामापूर्वी करायचे एक कंटाळवाणे पण टाळता न येणारे काम म्हणजे स्वॉच तक्ता. टोपणाचा प्लास्टिकचा रंग आणि कागदावर वाळलेला रंग यांत पुष्कळ अंतर असते. ज्या कागदावर चित्र काढायचे त्याच कागदाच्या तुकड्यावर प्रत्येक मार्करचा एक थर आणि शेजारी दोन थर द्यावेत आणि क्रमांक लिहावा. ओला रंग गडद दिसतो आणि वाळल्यावर उजळतो, म्हणून निर्णय वाळलेल्या तक्त्यावरून घ्यावा.

सरावाला कोल्हापुरी चपलेसारखा दुसरा विषय नाही. घरात एखादा जोड असतोच. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या चामड्याचा रंग पिवळसर तपकिरी असतो, म्हणून वर सांगितलेले ‘ई’ घराण्यातले तीन मार्कर त्याला चपखल बसतात. चप्पल डाव्या वरच्या बाजूने उजेड येईल अशी ठेवावी. प्रथम फिकट छटेने तळ रंगवायचा, पण सगळा एकदम नाही. टाचेपासून चवड्यापर्यंत दोन-तीन बोटे रुंदीचे भाग करून, प्रत्येक भागाची कड ओली असतानाच पुढचा भाग जोडत जावे. कड वाळली की तिथे गडद पट्टी उमटते आणि ती नंतर हटत नाही. तळ ओला असतानाच उजव्या बाजूने मध्यम छटा आत आणावी आणि साधारण एक तृतीयांश रुंदीवर थांबवावी. मग पुन्हा फिकट मार्कर घेऊन फक्त दोन छटांच्या सीमेवर छोट्या गोलाकार हालचालींनी फिरवावा. सीमा मऊ होते आणि उजेडाची बाजू तशीच राहते. आता दोन-चार मिनिटे हात बाजूला ठेवावा.

गडद छटेची जागा अगदी मोजकी आहे : पट्ट्याच्या खाली पडणारी सावली, कानांच्या आतली बाजू, अंगठ्याच्या कडीखालची फट आणि तळाची जाडी दाखवणारी उजवी कड. खिळा न वापरता चामड्याच्या वादीने शिवलेल्या तळाचे टाके बारीक निबने, सलग रेषेऐवजी तुटक तुटक दाखवले तर शिवण खरी वाटते. वेणी हा या चपलेचा सर्वांत गोड आणि सर्वांत फसवा भाग. संपूर्ण वेणीवर आधी फिकट थर द्यावा आणि पूर्ण वाळू द्यावा. मग प्रत्येक पेड जिथे दुसऱ्याखाली शिरतो तिथेच ब्रश निबच्या टोकाने मध्यम छटेचा एक टिपका ठेवावा आणि गडद छटा त्या टिपक्याच्या आतल्या टोकाला नुसती टेकवावी. इथे मिसळायला जाऊ नये. टिपक्यांच्या कडा स्पष्ट राहिल्या तरच पेड सुटे दिसतात. गोंड्याला लाल रंगाच्या चार-सहा रेघा पुरतात. जमिनीवरची सावली उबदार करड्याने, चपलेला चिकटून गडद आणि बाहेर जाताना फिकट करावी. एका जागी तीन-चार थर झाले की थांबावे. कागद तृप्त झाला की तो रंग घेत नाही, शाई वर चमकू लागते आणि रेषेबाहेर सरकते.

दगड रंगवताना करड्याचे घराणे चुकले की चित्र चुकते. अंबाबाईच्या देवळाचा काळा दगड सकाळच्या तिरप्या उन्हात उबदार करड्याने आणि सावलीतल्या बाजूला थंड करड्याने उभा करावा. पन्हाळ्याच्या जांभ्याला करड्याऐवजी तांबूस तपकिरीची साखळी लागते.

मोठे सलग आकाश मात्र या माध्यमाचे दुबळे अंग आहे. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी तिथल्या रंकाळा तलावाचे परिसर जलरंगात रंगवले. पाण्यावर रंग सोडून देऊन मिळणारा तसला विरळपणा मार्करकडून मागू नये. संध्याकाळचा रंकाळा काढायचाच असेल तर चित्र पोस्टकार्डाएवढे ठेवावे, आकाश चिझल निबने आडव्या पट्ट्यांत झपाट्याने भरावे आणि पाण्यातले प्रतिबिंब उभ्या तुटक रेघांनी सोडवावे.

रंगहीन ब्लेंडर म्हणजे खोडरबर नव्हे. त्यात नुसता द्राव असतो आणि तो रंगाला पुढे ढकलतो. रेषेबाहेर गेलेला रंग बाहेरून आत ढकलला की डाग फिकट होतो, नाहीसा होत नाही. डोळ्यातला किंवा दागिन्यावरचा चमकता ठिपका विसरला असेल तर रंग पूर्ण वाळल्यावर पांढऱ्या जेल पेनने द्यावा. कोल्हापुरी साज या गळ्यातल्या दागिन्यातले सोन्याचे मणी रंगवताना असा एक ठिपका आणि त्याच्या अगदी शेजारी गडद तपकिरी, एवढ्याने सोने चकाकते. सोनेरी मार्कर लागत नाही.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात कागद हवेतली ओल धरतो आणि शाई जास्त पसरते, म्हणून कागद बंद प्लास्टिकच्या पिशवीत सपाट ठेवावा. एप्रिल-मेमध्ये याच्या उलट होते : कड वाळायला क्षण लागत नाही, तेव्हा पंखा बंद ठेवून छोट्या भागांत काम करावे, पण खिडकी उघडी असू द्यावी, कारण वास डोक्यात चढतो. शाई ज्वालाग्राही आहे. देवघरातल्या निरांजनाजवळ, गॅसजवळ किंवा उन्हात उभ्या गाडीत मार्कर ठेवू नयेत. दुतोंडी मार्कर नेहमी आडवे ठेवावेत, उभे ठेवले की शाई खालच्या टोकाला उतरते आणि वरची निब कोरडी पडते. हाताला लागलेला रंग सॅनिटायझरने निघतो. कपड्यावरचा बहुधा निघत नाही.

शेवटचा मुद्दा विक्रीसाठी किंवा भेट देण्यासाठी चित्रे काढणाऱ्यांचा आहे. या शाईतले रंग डायचे, म्हणजे द्रावात पूर्ण विरघळणाऱ्या रंगांचे, असतात आणि ते उजेडात फिके पडतात. काचेच्या फ्रेममध्ये लावले तरी उन्हासमोरच्या भिंतीवर त्यांचा निभाव लागत नाही. चित्र पूर्ण झाले की त्याचे स्कॅन करून घ्यावे आणि चांगल्या उजेडात स्क्रीनवरचे रंग मूळ चित्राशी पडताळावेत, कारण फिकट छटा स्कॅनरमध्ये सर्वांत आधी हरवतात. भिंतीसाठी पिग्मेंट शाईचा प्रिंट द्यावा आणि मूळ चित्र फाइलमध्ये, दोन चित्रांमध्ये कोरा कागद घालून ठेवावे.