खलनायकासोबत कोण? (सेशनच्या आधीची तयारी)

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकून टेबलावर खेळायचा गोष्टीचा खेळ. ही यादी तो चालवणाऱ्यासाठी, आणि सेशन म्हणजे त्याची एक बैठक. फासे, पेन्सिली, खोडरबर, कोरे कागद. हे सांगायची गरज नसावी. फासे विसरलात तर मोबाइलवर ॲप मिळतं, पण ॲपवर आलेल्या वीसला (वीस-तोंडी फाशावरचा सगळ्यात मोठा आकडा) कुणी आरडाओरडा करत नाही, तेव्हा फासे आणाच.

आता मुद्द्याचं. येत्या सेशनला खलनायक टेबलावर येणार असेल, तर त्याच्याबद्दल सगळ्यात आधी एवढंच लिहायचं की त्याच्यासोबत कोण आहे. नाव नंतर. रूप नंतर. ते दीड पानी भाषण तर राहूच द्या. सोबत कोण? गेल्या खेपेला मी हे सोडून बाकी सगळं लिहिलं होतं. पाचव्या लेव्हलच्या (ताकदीची पायरी) चौघा खेळाडूंसमोर एक चेटक्या, पायऱ्यांच्या टोकावर, हात पसरून, एकटा. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 च्या पुस्तकातला मेज (जादूगार) जसाच्या तसा उचलला होता, 40 हिट पॉइंटवाला, म्हणजे एवढा मार बसला की आडवा. इनिशिएटिव्हला, म्हणजे कोण आधी खेळणार ते ठरवणाऱ्या फाशात, तो शेवटी आला. क्लेरिकनं (पुजारी) होल्ड पर्सन हा जखडून ठेवणारा स्पेल (मंत्र) टाकला, सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, फसला, पॅलाडिन (धर्मयोद्धा) पायऱ्या चढून गेला आणि स्माइट (जादूचा जोरदार फटका) केलं. पॅरलाइज झालेल्याला पाच फुटांच्या आतून बसलेला प्रत्येक फटका क्रिटिकल, म्हणजे दुप्पट फाशांचा, असतो. भाषणाचा कागद माझ्या हातातच राहिला.

त्याचं चॅलेंज रेटिंग 6 होतं, म्हणून मी निश्चिंत होतो. त्या आकड्याच्या भरवशावर राहू नका. सहाव्या लेव्हलच्या चौघांना कुणी न मरता ही लढत निभावता यावी, एवढंच तो आकडा सांगतो. खलनायक किती वेळ टिकेल, हे तो सांगत नाही. चौघांना एका राउंडमध्ये चार टर्न मिळतात आणि याला एक. 2014 च्या नियमांत तीन ते सहा शत्रू असले की त्यांच्या एकूण एक्सपीला (मारल्यावर मिळणारे अनुभवाचे गुण) दोननं गुणून लढत किती अवघड ते ठरवायचं, ते याच कारणानं. टेबलावर हात जास्त, तर मार जास्त. 2024 च्या पुस्तकात तो गुणाकार काढून टाकलाय, हिशोब सोपा झालाय, पण एकटा माणूस एकटाच राहतो.

रावणाचं बघा. पंचवटीत यायचं ठरल्यावर त्यानं आधी मारीचाला सोन्याचं हरीण करून पुढे धाडलं आणि स्वतः साधूच्या वेषात आला. दहा तोंडांच्या लंकापतीला सोबत लागली, आणि आपला 40 हिट पॉइंटांचा मेज छाती काढून मोकळ्या दालनात उभा!

तर साथीदार. नुसतं ‘चार गुंड’ लिहून भागणार नाही, प्रत्येकाला काम द्या. एक-दोघं पॅलाडिनच्या वाटेत उभे राहणारे. 2014 च्या पुस्तकातला थग (गुंड) बरा, 32 हिट पॉइंट असतात आणि ज्याला मारायचं त्याच्या शेजारी आपला माणूस असला की त्याला ॲडव्हांटेज मिळतो, म्हणजे दोन फाशांतला चांगला धरायचा. एक जण उंचावरून बाण मारणारा. आणि एक असा, जो लढतच नाही. तो घंटा वाजवतो, दरवाजा पाडतो, ओलीस घेऊन पळतो. हा शेवटचा फार कामाचा, कारण त्याच्यामागे धावायला पार्टीतला (खेळाडूंच्या टोळीतला) एक जण कमी होतो. सगळ्यांना एका जागी दाटीवाटीनं उभं करू नका. फायरबॉल हा आगीचा स्पेल 20 फूट त्रिज्येत फुटतो, 8 सहा-तोंडी फासे पडतात, म्हणजे सरासरी 28. गॉब्लिन या बुटक्या राक्षसाचे 2014 च्या पुस्तकात हिट पॉइंट 7. सेव्ह जमला तरी 14 बसतात, म्हणजे गॉब्लिन गेलाच. साथीदार आणले आणि पहिल्याच टर्नला जळून गेले, तर खलनायक पुन्हा एकटा. पांगवून ठेवा.

ड्रॅगनला हे लागू नाही, असं कुणी म्हणेल. मोठ्या लाल ड्रॅगनला 256 हिट पॉइंट असतात, दुसऱ्यांच्या टर्ननंतर वापरायला तीन लेजेंडरी ॲक्शन (जादा चाली) असतात आणि दिवसातून तीन फसलेले सेव्ह तो जमले म्हणून घेऊ शकतो. एकट्या खलनायकाला जे जे कमी पडतं, ते पुस्तकानंच त्याला देऊन ठेवलंय. तरीही गुहेच्या तोंडाशी दोन-चार कोबोल्ड (छोटे सरड्यासारखे राक्षस) ठेवा. माझं ऐका.

हेतू एका ओळीत लिहा. ‘जगावर राज्य’ असं काही लिहिलं असेल तर खोडून टाका. ते राज्य घेऊन तो करणार काय, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. माझ्या नव्या चेटक्याला नदी उगमापाशी डोंगरातच अडवायची आहे, कारण खालच्या शहरानं त्याच्या गावाचं पाणी पळवलं. जायकवाडीला पाणी सोडायचा विषय निघाला की आमच्या टेबलावर दोन तट पडतात, त्यामुळे या माणसाचं म्हणणं काय, हे नाशिकमध्ये कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. उलट अर्धी पार्टी त्यालाच जाऊन मिळेल ही भीती. तसं झालं तर काय, याचीही एक ओळ असू द्या. हेतू पक्का झाला की साथीदार त्यातूनच निघतात: गावातले दोन दांडगे, पाटावर पहारा देणारी म्हातारी, आणि धनुष्यवाला पुतण्या. महाराष्ट्रात काकासोबत पुतण्या किती दिवस राहील याचा तसाही नेम नसतो, म्हणजे फितुरीची सोय आपोआप झाली.

राक्षसांची खोड खेळाडूंना आधी कळू द्या. 2014 च्या पुस्तकातला ट्रोल आपल्या प्रत्येक टर्नच्या सुरुवातीला 10 हिट पॉइंट भरून काढतो, आग किंवा ॲसिड बसलं तरच ते थांबतं. हे लढाईच्या मध्यावर सांगाल तर शिव्या खाल. दोन सेशन आधी एखाद्या धनगराच्या तोंडी घाला, की तोडलेला हात आम्ही शेकोटीत टाकला तेव्हा कुठे तो वळवळायचा थांबला. खेळाडू विसरतील, ते त्यांचं नशीब. 2014 चा लिच, म्हणजे मेलेला पण न संपणारा जादूगार, असेल तर फिलॅक्टरी (त्याचा जीव ठेवलेली वस्तू) कुठे ठेवलीय ते आजच ठरवा. ती शाबूत असली तर दहा दिवसांच्या आत तो नव्या देहानिशी परत येतो, आणि जागा आयत्या वेळी सुचत नाही. पुस्तकातला राक्षस, म्हणजे तो वाघाच्या तोंडाचा आणि उलट्या तळहातांचा, 1977 च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्येही आहे. 2014 मधल्या त्याच्यावर सहाव्या लेव्हलपर्यंतचे स्पेल त्याची इच्छा असल्याशिवाय चालत नाहीत, आणि मेला तरी नरकात जाऊन पुन्हा उभा राहतो. तो वेषांतरात पटाईत. शेठजी म्हणून वाड्यात बसवा, भोवती नोकरचाकर ठेवा ज्यांना मालक कोण आहे हे ठाऊकच नाही. बघा, इथेही सोबत कोण हेच आधी ठरवावं लागलं.

कोण कधी पळणार? प्रत्येकाच्या नावापुढे लिहा. शेवटच्या हिट पॉइंटपर्यंत लढणारा गुंड मी तरी कुठे पाहिलेला नाही. 1981 च्या बेसिक नियमांत प्रत्येक राक्षसाला मोराल (हिमतीचा आकडा) असायचं, दोन सहा-तोंडी फाशांची बेरीज त्याहून जास्त आली की तो पाय लावून पळायचा. मला अजून तीच पद्धत आवडते. नवे नियम हवेत तर 10 चा विस्डम सेव्ह (शहाणपणाचा फासा, 10 किंवा जास्त हवा) घ्या. पहिला साथीदार पडल्यावर एकदा, म्होरक्या पडल्यावर पुन्हा.

जागेसाठी नाशिकची पांडवलेणी डोळ्यांसमोर आणा. खालून दमवणाऱ्या पायऱ्या, वर रांगेनं 24 लेणी, मध्ये पाण्याची टाकी. खांबाआड अर्धा आडोसा मिळाला तर आर्मर क्लासमध्ये (फटका चुकवायचा आकडा) 2 वाढतात, पाऊण मिळाला तर 5. बाण मारणारा पुतण्या वरच्या अंगाला, दांडगे पायऱ्यांवर, चेटक्या टाक्यामागे. पायऱ्यांच्या टोकावर नाही. हात पसरून तर अजिबात नाही.

मिनी (टेबलावर मांडायच्या छोट्या मूर्ती) विकत घ्यायची गरज नाही. थंडी सरताना द्राक्षं घ्या, एक द्राक्ष एक गॉब्लिन, मारेल तो खाईल. आमच्याकडे यानं लढाईला जी धार येते ती हजार रुपयांच्या मिनीनं येत नाही. हंगाम नसला तर बेदाणे, मग गॉब्लिन जरा सुकलेले. नावाच्या माणसांना लिंबू, सुपारी, बटण असं ओळखू येणारं काहीतरी. पुतण्या लिंबू.

उशीर झालाय, बाकीचं भराभर. राक्षसांचे इनिशिएटिव्ह आदल्या रात्रीच टाकून ठेवा. चेटक्याच्या स्पेलपैकी तीनच निवडा, त्यांतला कॉन्सन्ट्रेशनवाला (लक्ष देऊन चालू ठेवायचा) एकच. काउंटरस्पेलवर (समोरच्याचा स्पेल हाणून पाडणारा) खूण करा, मी ते असून विसरतो. भाषण दोन वाक्यांचं, तेही साथीदार समोर असताना. खजिना: काहीतरी द्या. चिवडा कॅरेक्टर शीटपासून लांब, तेलाचे डाग पडले की हिट पॉइंट वाचता येत नाहीत. दिवे जातील, टॉर्च. साथीदार लिहिलेत ना? परत बघा. नावं आहेत की नुसता आकडा? नावं घाला.

खेळ संपल्यावर जिवंत सुटलेल्यांची नोंद त्याच रात्री करा, उजाडेपर्यंत कोण कुठे पळालं ते डोक्यातून जातं. द्राक्षं उरली तर फ्रीजमध्ये टाका. आणि लिंबू कुणाला सरबतात पिळू देऊ नका, पुतण्या अजून जिवंत आहे.