ग्रास कटर चालू होत नाही? मेकॅनिककडे नेण्याआधी बघा, आणि या चुका टाळा

गणपतीच्या आधी एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा कलमांच्या बागेत बेणणी, म्हणजे गवत कापणी, झाली की आमचा ग्रास कटर पडवीत टांगला जायचा तो पुढच्या पावसाळ्यातच खाली यायचा, आणि मग रस्सी ओढून ओढून खांदा निखळायची पाळी, मशीन साधं फुरफुरत पण नाही. तीन वर्षं दरवेळी गाडीवर घालून बाजारात नेला. मेकॅनिक कार्बोरेटर खोलणार, आत काकवीसारखं चिकट काहीतरी, साफ करणार, पैसे घेणार. मशीन चांगलंच होतं हो, टाकीत पेट्रोल ठेवून टांगत होतो ती चूक माझी.

आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि कोकणात ओलाव्याला काय तोटा! पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाला बसतं, आणि पेट्रोल ओढायची नळी नेमकी तळाला. टू स्ट्रोकमध्ये, म्हणजे ज्याच्या पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावं लागतं त्या मशीनमध्ये, तर अजून वाईट, कारण ऑईल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं, खालच्या थरात नसतं. म्हणून महिनाभर काम नसेल तर टाकी ओतून घ्या आणि मग मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर पण रिकामा होतो. एवढं केल्यापासून माझी बाजारातली फेरी बंद झाली.

दुसरी चूक ऑईलची, आणि ही महागात पडते. टू स्ट्रोकला पेट्रोलमध्येच टू-टी ऑईल मिसळायचं, पुस्तिकेत २५:१ असेल तर लिटरला ४० मिली, ५०:१ असेल तर २० मिली. अंदाजाने झाकणभर नाही, मापाने. फोर स्ट्रोकला साधं पेट्रोल आणि इंजिन ऑईल वेगळं. माझ्याकडे दोन्ही मशीन, दोन्ही पेट्रोलच्या बाटल्या सारख्याच, घाईत साधं पेट्रोल टू स्ट्रोकमध्ये गेलं आणि अर्ध्या तासात इंजिन जाम, पिस्टनवर उभे ओरखडे. आता मिसळलेल्या कॅनला लाल चिंधी बांधलेली असते.

चोक ओढलेला ठेवून वीस वेळा रस्सी ओढू नका. एकदा भुरकन आवाज आला की चोक परत मूळ जागी न्या. पेट्रोलचा वास सुटला म्हणजे स्पार्क प्लग भिजला, तो काढून पुसा, प्लग बाहेर असताना चारपाच वेळा रस्सी ओढा, मग बसवा.

चालू होतं पण रेस दिली की दम तोडतं? आधी एअर फिल्टर बघा. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण सुकवा, ओला बसवू नका. तो साफ असेल तर सायलेन्सरच्या तोंडाची जाळी काजळीने बुजलेली असू शकते.

पातं काढताना नट हलत नाही म्हणून हातोडा मारणारे बरेच पाहिलेत. अरे बहुतेक मशीनला तिथे उलटे आटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवा की सुटतो! पण आधी मशीन बंद, प्लगची टोपी काढलेली. तिथेच खाली गिअरबॉक्स आहे, त्यात २०-२५ तास चालवल्यावर ग्रीस भरा, हे कुणीच करत नाही आणि मग कर्रकर्र आवाज आला की कंपनीला शिव्या.

काम संपलं की गरम इंजिनवर पाईपने पाणी मारायचं नाही. गार होऊ द्या, मग इंजिनच्या फिनमध्ये, म्हणजे गार राहण्यासाठी असलेल्या पट्ट्यांत, अडकलेलं गवत सुक्या ब्रशने काढा.

आणि टांगताना सायलेन्सरच्या तोंडाला फडकं लावा, कुंभारीण माशी आत मातीचं घर करते. पुढच्या वर्षी चालू करायच्या आधी ते काढायचं लक्षात ठेवा, मी एकदा विसरलो आणि तासभर प्लग तपासत बसलो होतो.